आखातात टॅक्स नाही, मग रिफंड कसला? परदेशात शिकवणाऱ्या नगरच्या शिक्षकांसाठी सोपा हिशोब

जुलै उजाडला की आखातातल्या शाळांना मोठी सुट्टी लागते. मुकुंदनगर, झेंडीगेट, भिंगार, श्रीरामपूर, संगमनेर इथल्या घरांत दुबई, शारजा, रियाध, मस्कतहून आलेल्या बॅगा उघडतात. कुणी गणिताचे सर असतात, कुणी इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडम, कुणी नुकतंच बी.एड. करून पहिल्यांदा बाहेर गेलेलं. नातेवाइकांच्या भेटी होतात, एखादा निकाह उरकतो, आणि मग एक दिवस बँकेत जाणं होतं. तिथे पासबुक हातात पडतं आणि प्रश्न सुरू होतात. एफडीच्या व्याजातला जवळजवळ तिसरा हिस्सा टॅक्स म्हणून कापलेला असतो.

“आमच्या पगारावर तिकडे एक दिरहम टॅक्स नाही, मग इकडे का कापला?” हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. त्याच्या पाठोपाठ येणारं वाक्यही ठरलेलं आहे: “जाऊ द्या, कापला तो गेला.”

तो गेलेला नाही. बहुतेक वेळा तो तुमच्या नावावर, तुमच्या पॅन नंबरासमोर जमा होऊन पडलेला असतो. मागितला तर मिळतो, नाही मागितला तर सरकारच्या तिजोरीतच राहतो. आणि मागायचा रस्ता एकच आहे, वेळेवर इन्कम टॅक्स रिटर्न भरणं. या लेखात आम्ही तोच रस्ता पायरी-पायरीने सांगणार आहोत. उदाहरणं आर्थिक वर्ष 2025-26 ची, म्हणजे 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026 या काळातली घेतली आहेत. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू असला तरी या वर्षाचं रिटर्न जुन्या 1961 च्या कायद्याप्रमाणेच भरायचं आहे.

तिकडचा टॅक्स आणि इकडचा टॅक्स

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. संयुक्त अरब अमिरात, सौदी अरब, कतार, कुवेत, बहरीन इथे नोकरदाराच्या पगारावर इन्कम टॅक्स नाही. अमिरातीत 2023 पासून 9 टक्के टॅक्स आला, तो कंपन्यांच्या नफ्यावर आहे. शिक्षकाच्या पगाराशी त्याचा संबंध नाही. ओमानने 2025 मध्ये व्यक्तिगत इन्कम टॅक्सचा कायदा केला. तो 1 जानेवारी 2028 पासून लागू होईल आणि वर्षाला 42,000 ओमानी रियालच्या वरच्या उत्पन्नावर 5 टक्के असेल. सर्वसाधारण शिक्षकाचा पगार तिथपर्यंत पोहोचत नाही.

म्हणजे तिकडून टॅक्स रिफंड मागण्यासारखं काही नसतंच. तिकडून नोकरी सोडताना मागायची ती ग्रॅच्युइटी. अमिरातीत एक वर्ष पूर्ण केलं की पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे 21 दिवसांचा मूळ पगार आणि त्यानंतरच्या वर्षांसाठी 30 दिवसांचा मूळ पगार मिळतो. हा तुमचा हक्क आहे, पण तो वेगळा विषय.

रिफंड अडकतो तो इथे, भारतात. कारण तुम्ही परदेशी राहता, पण तुमची एफडी, भाड्याने दिलेला फ्लॅट, वडिलोपार्जित घराचा हिस्सा, सावेडीतला प्लॉट हे सगळं इथेच असतं. आणि तुम्ही कायद्याच्या भाषेत ‘अनिवासी’ म्हणजे एनआरआय झालात की इथल्या उत्पन्नावर टीडीएस कापायचे नियम एकदम कडक होतात.

एनआरआय कधी होतो?

पासपोर्टवर शिक्का बसला म्हणून कुणी एनआरआय होत नाही, हिशोब दिवसांचा असतो. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात भारतात 182 दिवसांपेक्षा कमी राहिला, तर त्या वर्षासाठी तो अनिवासी.

समजा, एक सर 25 ऑगस्टला शारजाला गेले. 1 एप्रिलपासून निघाल्याचा दिवस धरून त्यांचे भारतातले दिवस भरतात 147. मार्चपर्यंत ते परत आले नाहीत, तर त्या वर्षी ते एनआरआय आणि शारजाच्या पगाराला भारतात टॅक्स नाही. पण तेच सर 10 नोव्हेंबरला गेले असते, तर दिवस भरले असते 224. मग त्या वर्षापुरते ते निवासीच, आणि नोव्हेंबर ते मार्च हा आखातातला पगारसुद्धा भारतातल्या उत्पन्नात धरला गेला असता. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तिकीट काढतानाच हे गणित करावं. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत निघालात तर सहसा अडचण येत नाही. ज्यांचं भारतातलं उत्पन्न वर्षाला 15 लाखांच्या वर आहे, त्यांना वेगळे नियम लागतात. त्यांनी सीएचा सल्ला घेतलेला बरा.

पैसा कुठे कुठे अडकतो?

*एफडी आणि एनआरओ खातं.* परदेशी नोकरीला गेल्यावर इथलं साधं बचत खातं एनआरओ खात्यात बदलून घ्यावं लागतं. एनआरओ एफडीच्या व्याजावर बँक 30 टक्के टॅक्स आणि त्यावर 4 टक्के सेस, म्हणजे एकूण 31.2 टक्के कापते. इथे कमीत कमी रकमेची सूट नाही, पहिल्या रुपयापासून कापणी होते. फॉर्म 15-जी भरून हे थांबवता येत नाही, कारण तो फॉर्म फक्त निवासी लोकांसाठी आहे. काही जण गावाकडून भावाला सांगून तो फॉर्म भरतात. तसं करणं चुकीचं आहे, पुढे तेच अंगाशी येतं. एनआरई खात्याचं मात्र वेगळं आहे. परदेशातून पाठवलेल्या पैशाच्या त्या खात्यावरचं व्याज एनआरआयसाठी करमुक्त असतं, त्यावर टीडीएस नाही.

*भाडं.* घरमालक एनआरआय असेल, तर भाडेकरूने भाड्यातून 31.2 टक्के कापून सरकारकडे भरायचे असतात, भाडं कितीही कमी असो. अनेक भाडेकरूंना हे माहीत नसतं, पण कंपनीने किंवा बँकेने जागा घेतली असेल तर कापणी ठरलेलीच.

या दोन्हींचा एकत्र हिशोब बघा. एका मॅडमची 10 लाखांची एनआरओ एफडी आहे, 7 टक्के दराने वर्षाचं व्याज 70,000. बँकेने कापले 21,840. फ्लॅटचं भाडं महिना 12,000, वर्षाचं 1,44,000. भाडेकरूने नियमाप्रमाणे कापले 44,928. दोन्ही मिळून 66,768 रुपये गेले. आता टॅक्स खरा किती लागतो? भाड्यातून 30 टक्के सरसकट वजावट मिळते, त्यामुळे धरायचं भाडं 1,00,800. त्यात व्याज मिळवलं की एकूण उत्पन्न 1,70,800. नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत टॅक्सच नाही. म्हणजे टॅक्स शून्य आणि कापलेले सगळे 66,768 रुपये परत. पण रिटर्न भरलं तरच.

*जाण्याच्या वर्षातला पगार.* ही रक्कम बरेच जण विसरतात. समजा, ज्युनिअर कॉलेजच्या एका सरांचा इथला पगार महिना 1,20,000 होता. संस्थेने वर्षभराचा पगार धरून दर महिन्याला 7,345 रुपये टीडीएस कापला. सर ऑगस्टअखेर राजीनामा देऊन बाहेर गेले. पाच महिन्यांत कापले गेले 36,725. प्रत्यक्षात पगार झाला 6 लाख, त्यातून 75,000 ची प्रमाणित वजावट गेली की राहिले 5,25,000. त्यावर टॅक्स सेससह 6,500. म्हणजे 30,225 रुपये परत मिळायला हवेत. व्हिसा, सामान, तिकीट या गडबडीत हे पैसे मागे राहून जातात.

इथे एक मोठा गैरसमज दूर करू. “12 लाखांपर्यंत टॅक्स नाही” हे सगळ्यांनी टीव्हीवर ऐकलेलं आहे. ती सूट कलम 87-ए ची आहे आणि ती फक्त निवासी करदात्यांना मिळते. एनआरआयला ती नाही. त्याच्यासाठी करमुक्त मर्यादा 4 लाखच. वरच्या सरांना 6,500 रुपये लागले ते त्यामुळेच.

*प्लॉट किंवा घराची विक्री.* सगळ्यात मोठी रक्कम इथे अडकते. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ठेवलेली जागा एनआरआयने विकली, तर घेणाऱ्याने 12.5 टक्के आणि सेस, म्हणजे 13 टक्के कापायचे असतात. व्यवहारात ही कापणी नफ्याऐवजी पूर्ण किमतीवर होते. समजा, 6 लाखांना घेतलेला प्लॉट 30 लाखांना विकला. कापले गेले 3,90,000. नफा 24 लाख, त्यावरचा खरा टॅक्स 3,12,000. परत मिळायचे 78,000.

वालिदांच्या पश्चात घर विकून भाऊ-बहिणींत शरीयतप्रमाणे हिस्से पडतात, तेव्हाही हे लक्षात ठेवा. एनआरआयचा नियम फक्त परदेशी असलेल्या वारसाच्या हिश्श्याला लागतो, गावात राहणाऱ्या बहिणीच्या हिश्श्याला नाही. वारशाने आलेल्या जागेची खरेदी किंमत म्हणून वालिदांनी जी किंमत मोजली ती धरतात. जागा 1 एप्रिल 2001 च्या आधीची असेल तर त्या दिवशीची बाजारभावाची किंमत धरता येते, त्यासाठी मान्यताप्राप्त व्हॅल्यूअरचा दाखला घ्यावा. व्यवहाराच्या आधीच आयकर खात्याकडून कमी दराने कापणीचा दाखला मिळवला, तर पैसे अडकतच नाहीत. अर्ज ऑनलाइन होतो, मात्र सौद्याच्या बऱ्याच आधी करावा लागतो.

“व्याजाचा पैसा, आम्हाला नकोच”

आपल्या समाजात रिफंड न मागण्याचं एक कारण वेगळं आहे, आणि त्याचा आदर ठेवूनच आम्ही ते इथे मांडतो. “एफडी बँकेने आपोआप केली होती, व्याज हा सूद आहे, त्यावरचा टॅक्स कापला गेला तर गेला, आम्हाला त्याला हात लावायचा नाही,” असं अनेक दीनदार घरांतून ऐकायला मिळतं.

फतवा देणं आमचं काम नाही. पण हिशोब म्हणून तीन गोष्टी वेगळ्या केल्या तर मनावरचं ओझं कमी होईल. पहिली, पगार, भाडं किंवा जागेच्या किमतीतून कापलेला टॅक्स. ही तुमच्या मेहनतीची, हलाल कमाईची रक्कम आहे, तिचा व्याजाशी संबंध नाही. ती सोडून देण्याचं कारणच नाही. दुसरी, एफडीच्या व्याजातून कापलेला टॅक्स. तो परत आला की तो व्याजाच्याच हिशोबात धरावा का, हे आपल्या मुफ्तींना विचारा. बँकेत जमा झालेलं व्याज तिथेच न सोडता काढून, सवाबची नियत न ठेवता, गरजूंना द्यावं असं अनेक उलमा सांगतात. तुम्ही मागितला नाही तर तो पैसा गरजूपर्यंतही पोहोचत नाही. तिसरी, रिफंडला उशीर झाला म्हणून सरकार त्यावर महिना अर्धा टक्का व्याज देतं. ही रक्कम रिफंडच्या पत्रकात वेगळी दाखवलेली असते, त्यामुळे ती वेगळी काढणं सोपं आहे. हे व्याज पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवावं लागतं.

ज्यांना व्याज मुळातच नको आहे, त्यांनी एनआरओ एफडी बंद करून पैसा चालू खात्यात किंवा दुसरीकडे वळवावा. मग कापणीचा प्रश्नच राहत नाही.

रिटर्न कसं भरायचं?

पहिलं काम पॅनचं. एनआरआयला पॅन-आधार जोडणीतून सूट आहे, पण आयकर पोर्टलवर तुमचं स्टेटस ‘अनिवासी’ असं नोंदलेलं हवं. ते नसेल आणि आधारही जोडलेलं नसेल, तर पॅन निष्क्रिय होतो आणि निष्क्रिय पॅनवर रिफंड निघत नाही. पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये जाऊन हे आधी तपासा.

दुसरं, नावाचं स्पेलिंग. हा आपल्याकडचा खास त्रास आहे. पॅनवर मोहम्मद पूर्ण, पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा, बँकेत नुसतं एमडी. शेखचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळं, लग्नानंतर मॅडमचं नाव एका ठिकाणी बदललेलं आणि दुसऱ्या ठिकाणी माहेरचंच. रिफंड ज्या खात्यात हवा, ते खातं पोर्टलवर आधी प्रमाणित करावं लागतं आणि तिथे पॅनवरचं आणि बँकेतलं नाव जुळावं लागतं. रिटर्न बरोबर असूनही नाव न जुळल्यामुळे पैसे परत फिरतात. सुट्टीत आलात की पहिल्यांदा हे दुरुस्त करून घ्या. खातं एनआरओ असलं तरी रिफंड त्यात येतो.

तिसरं, कापलेल्या टॅक्सची पडताळणी. पोर्टलवरून फॉर्म 26-एएस आणि वार्षिक माहिती पत्रक, म्हणजे एआयएस, उतरवून घ्या. बँकेने, भाडेकरूने, प्लॉट घेणाऱ्याने कापलेली रक्कम तिथे तुमच्या नावावर दिसायला हवी. दिसत नसेल तर त्याने पैसे भरलेच नाहीत किंवा चुकीचा पॅन टाकला आहे. अशा वेळी आधी त्याच्याकडून दुरुस्ती करून घ्या आणि फॉर्म 16-ए मागा. प्लॉटच्या बाबतीत एक चूक नेहमी होते: घेणारा निवासी विक्रेत्यासारखा 1 टक्का कापून मोकळा होतो. एनआरआय विक्रेत्यासाठी तो नियम नाही. विक्रीचा करारनामा करतानाच आपण एनआरआय आहोत हे लिहून द्या.

चौथं, योग्य फॉर्म. निवासी शिक्षक वापरतात तो आयटीआर-1 एनआरआयला चालत नाही. पगार, भाडं, व्याज, जागेची विक्री यांसाठी आयटीआर-2 भरायचा. त्यात भारतातले दिवस, कोणत्या देशात राहता आणि तिथला टॅक्स नंबर विचारतात. तिथला नंबर नसेल तर पासपोर्ट नंबर देता येतो.

पाचवं, तारीख. ठरलेली मुदत 31 जुलै. म्हणजे सुट्टीत गावी असतानाच ती येते, याचा फायदा घ्या. ती चुकली तर उशिराचं रिटर्न 31 डिसेंबरपर्यंत भरता येतं, त्याला 5 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर 1,000 आणि त्यावर 5,000 रुपये शुल्क लागतं. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल तर हे शुल्क सहसा लागत नाही.

सहावं, पडताळणी. रिटर्न सादर केल्यापासून 30 दिवसांच्या आत ते ई-व्हेरिफाय झालं पाहिजे, नाहीतर ते भरलंच नाही असं धरतात. आधारचा ओटीपी भारतातल्या नंबरावर येतो. दुबईला पोहोचल्यावर इथलं सिम बंद पडलेलं असतं आणि काम तिथेच अडतं. म्हणून आधारला जोडलेलं सिम चालू ठेवा किंवा नेट बँकिंगने व्हेरिफाय करा. तेही जमत नसेल तर सही केलेला आयटीआर-व्ही बंगळुरूच्या केंद्रात मुदतीत पोहोचेल असा पाठवा.

यानंतरचं काम बंगळुरूच्या केंद्रात संगणकावर होतं. साधारण चार-पाच आठवड्यांत रिफंड खात्यात येतो. नोटीस आली तर पोर्टलवर आणि ईमेलवर येते, म्हणून ईमेल पत्ता स्वतःचाच द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको.

एफडी मोठी असेल तर आणखी एक सोय आहे. भारत आणि अमिरात यांच्यातल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारात व्याजावरचा दर 12.5 टक्के आहे, सौदीबरोबरच्या करारात 10 टक्के. त्यासाठी तिथल्या सरकारचा कर-निवासी दाखला आणि पोर्टलवर भरलेला ठरावीक फॉर्म बँकेत द्यावा लागतो. दाखल्याला खर्च येतो, तेव्हा आधी फायदा-तोटा मांडून बघा. एकूण उत्पन्न 4 लाखांच्या आत असेल तर रिफंडनेच पूर्ण पैसे परत येतात.

मागच्या वर्षांचं काय?

“आम्ही पाच वर्षं रिटर्नच भरलं नाही,” असं म्हणणारेही आहेत. त्यांच्यासाठीही दार पूर्ण बंद झालेलं नाही. कलम 119(2)(ब) प्रमाणे उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकानुसार हा अर्ज त्या करनिर्धारण वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत करायचा असतो. म्हणजे आर्थिक वर्ष 2020-21 च्या रिफंडसाठी 31 मार्च 2027 पर्यंत. उशिराचं खरं कारण कागदांसह पटवून द्यावं लागतं: परदेशातली नोकरी, आजारपण, घरातला मृत्यू. अर्ज मंजूर झाला की रिटर्न भरता येतं, मात्र अशा रिफंडवर व्याज मिळत नाही. एनआरआयच्या फायली आयकर खात्याच्या इंटरनॅशनल टॅक्सेशन विभागाकडे असतात. आपला पॅन कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे ते पोर्टलवर पाहून मगच अर्ज करा.

‘आयटीआर-यू’ नावाचं अद्ययावत रिटर्न भरून जुना रिफंड काढून देतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्या रिटर्नमधून रिफंड मागताच येत नाही.

अमेरिका आणि ब्रिटनला गेलेले शिक्षक

आपल्यातले काही शिक्षक आता आखाताच्या पलीकडे जात आहेत. तिथे पगारातून टॅक्स कापला जातो, त्यामुळे तिथूनही रिफंड मिळू शकतो.

भारत-अमेरिका कर कराराच्या 22 व्या कलमात शिक्षक आणि संशोधकांसाठी सवलत आहे. जाण्याआधी भारताचा निवासी असलेला शिक्षक मान्यताप्राप्त संस्थेत शिकवायला दोन वर्षांपेक्षा जास्त नाही इतक्या काळासाठी गेला, तर त्या पगारावर अमेरिकेचा केंद्रीय इन्कम टॅक्स लागत नाही. त्यासाठी शाळेला फॉर्म 8233 द्यायचा. दिला नसेल आणि टॅक्स कापला गेला असेल, तर 1040-एनआर रिटर्न भरून तीन वर्षांच्या आत परत मागता येतो. पण सावध राहा: मुक्काम दोन वर्षांच्या पुढे गेला तर सवलत पहिल्या दिवसापासून रद्द होते आणि मागचा टॅक्स भरावा लागतो. करार वाढवून मिळतोय म्हणून सही करण्याआधी हे विचारात घ्या. जे-1 व्हिसावरच्या शिक्षकाच्या पगारातून पहिल्या दोन कॅलेंडर वर्षांत सामाजिक सुरक्षेचे आणि मेडिकेअरचे मिळून 7.65 टक्केही कापायचे नसतात. चुकून कापले तर आधी शाळेकडे मागायचे, शाळेने नकार दिला तर फॉर्म 843 भरायचा.

ब्रिटनचं करवर्ष 6 एप्रिल ते 5 एप्रिल असतं आणि वर्षाला 12,570 पौंडांपर्यंत सहसा टॅक्स नसतो. पगारातून कापणी वर्षभराची सूट महिन्यांत वाटून होते. त्यामुळे वर्षाच्या मध्येच नोकरी सोडून मायदेशी परतणाऱ्याचा जास्तीचा टॅक्स बऱ्याचदा तिथे राहून जातो. निघताना शाळेकडून पी-45 घ्या आणि तिथल्या कर खात्याकडे पी-85 फॉर्म भरा. मागण्याची मुदत चार वर्षांची.

टक्केवारीवाल्या एजंटपासून सांभाळून

“रिफंड दुप्पट काढून देतो, त्यातले 10 टक्के माझे,” असं सांगणारे एजंट प्रत्येक शहरात भेटतात. ते खोट्या देणग्या, खोटं घरभाडं, खोटे विमा हप्ते दाखवून रिफंड फुगवतात. जुलै 2025 मध्ये आयकर खात्याने अशा खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांविरुद्ध देशभर दीडशे ठिकाणी कारवाई केली. सापडल्यावर टॅक्स, व्याज आणि दोनशे टक्क्यांपर्यंत दंड भरायचा तो शिक्षकानेच, एजंट तोपर्यंत फोन उचलत नाही. खोटं लिहून आणलेला पैसा हलाल ठरत नाही, हे वेगळं सांगायला नको. फी ठरवून काम करणारा सीए बघा आणि सही करण्याआधी रिटर्न स्वतः वाचा.

“तुमचा रिफंड मंजूर झाला, लिंक उघडा” असे मेसेजही येतात. आयकर खातं रिफंड देण्यासाठी ओटीपी, पिन किंवा कार्डाचा नंबर मागत नाही. असा मेसेज सरळ पुसून टाका, आणि गावी फोन हाताळणाऱ्या अम्मी-अब्बांनाही हे समजावून सांगा.

एक फाईल घरात ठेवा

हे सगळं वाचून गोंधळ होत असेल तर एकच काम करा. घरात एक फाईल बनवा. त्यात पासपोर्टच्या शिक्क्यांची पानं, नोकरीचा करार, बँकेची स्टेटमेंट, फॉर्म 16 आणि 16-ए, भाडेकरार, जागेची खरेदीखतं आणि दर वर्षीच्या रिटर्नची पावती ठेवा. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. कुराणातली ती सगळ्यात लांब आयत आहे, आणि ती हिशोबाबद्दल आहे. आपण मात्र लाखोंचे व्यवहार तोंडी करतो आणि कागद मागितला की कपाट उलथंपालथं करतो.

परदेशात राहून, मुलांपासून लांब, ईद व्हिडिओ कॉलवर साजरी करून कमावलेला हा पैसा आहे. त्यातलं सरकारचं देणं सरकारला द्यायचंच. पण जे देणं लागतच नाही, ते परत मागायला लाजायचं किंवा घाबरायचं कारण नाही. या सुट्टीत पाहुणचार उरकला की एक दुपार फाईल घेऊन बसा आणि 26-एएस उघडून बघा, आपल्या नावासमोर काय पडून आहे ते.